खेड्यातून रोज ५२ किलोमीटर: इलेक्ट्रिक स्कूटरच्या आधी घरातला प्लग बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यातल्या गावाहून शाळेपर्यंत येऊन-जाऊन रोज ५२ किलोमीटर, त्यातले ८ किलोमीटर पांदण रस्ता. घरावर टिन, लाईनीचा भरवसा नाही, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, आणि सर्व्हिस सेंटर थेट यवतमाळला. अशा ठिकाणी ३ किलोवॅट-तासाची (म्हणजे ३ युनिट वीज मावणाऱ्या बॅटरीची) स्कूटर पुरेल का, आणि बॅटरी दोन उन्हाळ्यांत मरेल का?

पुरेल. बॅटरीही टिकेल. पण खेड्यात इलेक्ट्रिक गाडीची वाट लागते ती बहुतेक वेळा रस्त्यावर नाही, घरी लागते: ढिलं सॉकेट, नावापुरतं अर्थिंग, तापल्या टिनाखाली फुल चार्ज करून ठेवलेली बॅटरी. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी चार-पाच हजार रुपये चार्जिंगच्या जागेवर खर्च करा. मॉडेल कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी अंतराचा हिशोब करू. जाहिरातीत छापलेली रेंज चाचणीतली असते. आपल्याकडच्या रस्त्यावर तिच्या साधारण ६५ ते ७५ टक्के धरा. एकटा माणूस ४०-४५ च्या वेगानं गेला तर किलोमीटरला २५ ते २८ वॅट-तास लागतात. मागे कोणी बसलं, वेग ५५-६० झाला आणि समोरून वारा असला की तोच आकडा ३५ ते ४० वर जातो. तुमच्यासाठी ३२ धरा. ५२ किलोमीटर रोजचे, १५ किलोमीटर राखीव, एकूण ६७. बॅटरी जुनी होऊन क्षमता ८० टक्क्यांवर आली तरी हे ६७ निघाले पाहिजेत, म्हणजे नव्या गाडीनं ८४ द्यायला हवेत. ८४ गुणिले ३२ म्हणजे जवळपास २.७ किलोवॅट-तास. तेव्हा ३ ची बॅटरी बरोबर आहे. २.२ ची स्वस्त पडते, पण जुनी झाल्यावर ती ५५ किलोमीटर कशीबशी देईल. शाळेतून निघताना रोज काट्याकडे बघत बसावं लागेल, म्हणून ती घेऊ नका.

याच हिशोबातून लोडशेडिंगची भीतीही बरीच कमी होते. ५२ किलोमीटरला सुमारे १.७ किलोवॅट-तास खर्च होतात. चार्जरमधली गळती धरून मीटरवर १.९ युनिट पडतात. ७५० वॅटचा चार्जर हे अडीच ते तीन तासांत भरतो. म्हणजे २४ तासांतून तुम्हाला सलग किंवा तुटक तीन तास लाईन हवी. गावठाण फीडरवर (गावातल्या घरांना वीज देणाऱ्या लाईनीवर) एवढी मिळतेच. घर शेतातल्या वस्तीवर, कृषी फीडरवर (शेतपंपांच्या लाईनीवर) असेल तर गोष्ट वेगळी: थ्री फेज पाळीनं येतो, आणि उरलेल्या वेळी व्होल्टेज इतकं पडतं की चार्जर चालूच होत नाही. चार्जरच्या पाठीवर इनपुट व्होल्टेजचा पल्ला छापलेला असतो. खरेदीआधी आठवडाभर संध्याकाळी सातला, रात्री अकराला आणि पहाटे पाचला घरातलं व्होल्टेज मोजून लिहून ठेवा आणि त्या पल्ल्याशी ताडून बघा. घरच्या इन्व्हर्टरवर चार्ज करायचं डोक्यातही आणू नका. १५० अ‍ॅम्पिअर-तासाची बॅटरी पुरती भरलेली असली तरी तिच्यात जेमतेम १.८ युनिट असतात. ७५० वॅटचा भार ती फार वेळ ओढत नाही आणि लवकर खराब होते.

आता प्लगकडे. ७५० वॅट म्हणजे साडेतीन-चार अ‍ॅम्पिअर. आकडा लहान दिसतो म्हणून लोक टीव्हीच्या बोर्डवर ५ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटमध्ये चार्जर खुपसतात. मिक्सर दोन मिनिटं चालतो, हा तीन तास सलग ओढतो, आणि ढिल्या पितळी पट्ट्या तेवढ्या वेळात तापून सॉकेट पिवळं, मग तपकिरी पडतं. मेन स्विचपासून २.५ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर ओढून घ्या. तिच्यावर १६ अ‍ॅम्पिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि १६ अ‍ॅम्पिअरचं चांगल्या कंपनीचं सॉकेट बसवा. मल्टीप्लग, टू-पिन अ‍ॅडॉप्टर, लांब एक्स्टेन्शन, काहीही मध्ये नको. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर अ‍ॅल्युमिनियमची असते. तिला तांब्याची वायर नुसती पीळ मारून जोडली की सांधा काही महिन्यांत काळा पडतो, तिथं बायमेटल कनेक्टर लावायला सांगा. पहिले पंधरा दिवस चार्जिंग अर्धा तास झाल्यावर प्लगच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर सॉकेट बदला.

अर्थिंगवर जरा थांबावंच लागेल, कारण काळ्या मातीत ते फसवतं. पावसाळ्यात काळी माती ओली असते, अर्थिंग उत्तम दाखवतं. मार्चपासून तीच माती आकसते, भेगा पडतात आणि पाइपभोवती बोटभर पोकळी होते. चार्जर अर्थ नसल्याचा लाल दिवा दाखवतो किंवा चार्जच करत नाही, आणि लोकांना वाटतं चार्जर गेला. ४० मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, निदान अडीच मीटर खोल, भिंतीच्या पायापासून दीड मीटर दूर, भोवती कोळसा आणि खडे मीठ यांचे थर. जागा शक्यतो न्हाणीच्या किंवा भांडी घासायच्या पाण्याजवळची निवडा, ओल टिकते. मार्च ते जून दर चार दिवसांनी बादलीभर पाणी ओता. मिठानं पाइप गंजतो, म्हणून तीन-चार वर्षांनी वरचं नट-बोल्ट उघडून तपासा.

तपासणीतही एक गफलत होते. मल्टीमीटरनं फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट आले की वायरमन ‘ओके’ म्हणतो. मल्टीमीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे खराब अर्थिंगवरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खरी परीक्षा भाराखाली होते. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावला तर तो न्यूट्रलवर लावल्याइतकाच लख्ख पेटायला हवा. मिणमिणला तर अर्थिंग कामाचं नाही. ही चाचणी आरसीसीबीच्या आधीच्या बाजूनं करावी लागते, नाहीतर तो लगेच पडेल. आणि ती वायरमननंच करावी, तेवढा वेळ घरातल्या कुठल्याही लोखंडी वस्तूला कोणी हात लावू नये.

लाल दिवा घालवण्यासाठी एक जुगाड सर्रास केला जातो: सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तार जोडतात. दिवा हिरवा होतो, चार्जिंग सुरू होतं. पुढे कधी डीपीकडून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरकडून, येणारा न्यूट्रल तुटला की चार्जरमधून आणि घरातल्या बाकीच्या उपकरणांतून येणारा फेज त्या तारेनं थेट स्कूटरच्या सांगाड्यावर येतो. अनवाणी पायानं, ओल्या अंगणात कोणी गाडीला हात लावला तर जीव जाईल. सॉकेट उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. अशी तार दिसली तर तोडा आणि अर्थिंग नीट करून घ्या.

न्यूट्रल ढिला झाला की दुसरा धोका व्होल्टेजचा. सिंगल फेजच्या घरात ३०० च्या वर व्होल्टेज जाऊन टीव्ही, फ्रिज, चार्जर एका फटक्यात जातात. चार्जर महागडा असतो, आणि व्होल्टेजनं जळलेला चार्जर बहुधा हमीत बसत नाही. जास्त-कमी व्होल्टेजला आपोआप बंद होणारा प्रोटेक्टर त्या लाईनवर बसवा: २७० च्या वर आणि १७० च्या खाली कट, लाईन परत आल्यावर तीन मिनिटं थांबून चालू. मे-जूनमध्ये विजा चमकायला लागल्या की प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. खांबाच्या तारेवर आकडा टाकून चार्जिंग करायचं नाही, हे सांगायला नको. बेकायदा तर आहेच, वर त्याला ना अर्थिंग ना संरक्षण.

जागा कोणती? दिवाळीनंतर भाव वाढायची वाट बघत आपल्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात, कधी छतापर्यंत. त्या खोलीत किंवा तिच्या दाराशी स्कूटर चार्ज करायची नाही. पराटीचा भारा, कुटाराचा ढीग, गॅसची टाकी यांच्यापासूनही दूर. लिथियम बॅटरीला आग लागणं क्वचित घडतं, पण लागली तर ती सहजासहजी विझवता येत नाही. ती एकटी जळून संपेल अशी जागा हवी, आणि घराबाहेर पडायचा रस्ता तिच्यामुळे अडायला नको. उत्तर किंवा पूर्व भिंतीलगतची, वर सावली असलेली उघडी छपरी सगळ्यात चांगली.

उन्हाचं आता सांगतो. लिथियम सेल चार्ज करण्याची वरची मर्यादा साधारण ४५ अंश धरतात, आणि ही बॅटरीच्या आतली उष्णता, हवेतली नाही. एप्रिलमध्ये दुपारी २६ किलोमीटर चालवून तुम्ही घरी आलात की बॅटरी त्याच्या आसपास असणारच. बॅटरी जड असते, ती अर्ध्या तासात निवत नाही. आल्याआल्या प्लग लावू नका, रात्री नऊनंतर लावा. लाईनीचा भरवसा असेल तर पहाटे चारला लावणं त्याहून बरं. ताप जास्त असताना चार्जिंग मंदावलं किंवा थांबलं तर तो बिघाड नाही. बॅटरीतली बीएमएस नावाची यंत्रणा तिला वाचवत असते. गाडी उभी करायची ती कडुलिंबाखाली. टिनाखाली दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षा जास्त तापतं. प्लास्टिकचं कव्हर आत वाफ धरतं, त्यापेक्षा जुनी सुती चादर टाका.

तुमच्यासारख्या शिक्षिकेच्या बाबतीत बॅटरीला खरा त्रास होतो तो सुट्टीत, चालवताना नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे नवतप्यासकट वर्षातले सगळ्यात तापलेले आठवडे गाडी घरी उभी. लोक काळजीपोटी ती १०० टक्के भरून ठेवतात. जास्त ताप आणि पूर्ण भरलेली बॅटरी एकत्र आले की सेल नुसते बसल्याजागी म्हातारे होतात, एक किलोमीटर न चालवता. सुट्टी लागली की बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा, प्लग काढा, गाडी घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. बॅटरी काढता येणारी असेल तर ती मातीच्या खोलीत ठेवा. दर पंधरा दिवसांनी टक्के बघा, ३० च्या खाली गेले तर पुन्हा ६० पर्यंत भरा. एवढं केलंत तर ऊन फारसं काही करणार नाही.

विकत घेताना विचारा, सेल कोणत्या प्रकारचे: एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) की एलएफपी (लोह-फॉस्फेट). एलएफपी वजनाला जड, पण ताप जास्त सोसते आणि जास्त चार्ज-फेऱ्या टिकते. आपल्या हवेला तीच बरी, मिळत असेल तर घ्या. तिच्यात टक्क्यांचा काटा हळूहळू चुकायला लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा १०० टक्के भरावी. एनएमसी असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबा. ३ किलोवॅट-तासाच्या ८० टक्क्यांत तुमचे ५२ किलोमीटर होऊन वीसेक किलोमीटर उरतात. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पूर्ण भरा, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर येतात. जुनी गाडी घ्यायचा विचार असेल तर एप्रिल २०२३ नंतर बनलेलीच बघा. बॅटरी सुरक्षेचे कडक केलेले एआयएस-१५६ चे नियम दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून लागू झाले.

रस्ता. बहुतेक स्कूटरमध्ये बॅटरी पायदानाखाली किंवा सीटखाली असते. पायदानाखाली असेल तर खालून धातूची जाड पट्टी आहे का, हे वाकून बघा. पांदणीतला एखादा गोटा किंवा बैलगाडीच्या चाकोरीमधला उंचवटा नेमका तिथं घासतो. मोटर चाकातच असलेली गाडी साधी, देखभाल कमी, पण मागचं चाक जड असल्यानं खड्ड्यात दणका जास्त. बेल्टवर चालणारी मऊ चालते, मात्र बेल्ट आणि पुलीमध्ये खडा अडकला तर दात खातो, म्हणून महिन्याला एकदा तिथं ब्रश मारा. ट्यूबलेस टायरच घ्या. बाभळीचा काटा घुसला की स्ट्रिप मारून चाक न काढता दहा मिनिटांत काम होतं. पंक्चरची किट आणि छोटा पंप डिक्कीत कायम हवा. मोटर असलेलं चाक गावातल्या पंक्चरवाल्यानं काढलं तर जाड केबल पिळली जाते किंवा चाकाच्या आसाचे वॉशर उलटे बसतात. काढायची वेळच आली तर आधी मोबाइलवर फोटो काढून घ्या.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरतो आणि चाक फिरेनासं होतं. मोटर जोर लावत राहते, मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर तापतो आणि गाडी बंद पडते. तशी ओढू नका, थांबून काडीनं चिखल काढा. घसरड्या वाटेवर रिजनरेशन, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर लागणारा मोटरचा ब्रेक, कमीत कमी ठेवा. तो फक्त मोटरच्या चाकावर लागतो आणि मागचं चाक सरकवतो.

नाल्याला पूर असताना ‘आयपी ६७ आहे’ म्हणून गाडी घालू नका. आयपी ६७ म्हणजे नवा सुटा भाग स्थिर पाण्यात एक मीटरपर्यंत अर्धा तास टिकला, एवढंच. वाहतं पाणी, दोन वर्षं जुनं रबर सील आणि वायरींचे जोड यांची हमी त्यात नाही. गाडी बुडालीच तर चालू करू नका, चार्जिंगला लावू नका. सीटखालचा एमसीबी असेल तर पाडा आणि सर्व्हिसवाल्याला उचलून न्यायला सांगा. गाडी धुताना वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवाराही नको. ओल्या फडक्यानं पुसली तरी चालते.

दोन बिघाड असे, जे मोठे वाटतात पण नसतात. एक: मुख्य बॅटरी ७० टक्के, तरी डिस्प्ले पेटत नाही. अनेक गाड्यांत दिवे, लॉक आणि डिस्प्लेसाठी १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी असते आणि तीच उतरलेली असते. सुट्टीनंतर हे हमखास होतं. दुसरा: अचानक कुठला तरी एरर कोड येतो, आणि पॅनल उघडल्यावर वायर कुरतडलेली निघते. घरात धान्य असलं की उंदीर आलेच, त्यांना सीटखालची उबदार जागा आवडते. महिन्यातून एकदा सीटखाली टॉर्च मारून बघा.

पैशाचं पटकन. पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ देते असं धरलं, पेट्रोल १०५ रुपये, तर तुमचा रोजचा खर्च १२० च्या आसपास. विजेचा दर युनिटला १० रुपये धरून १९ ते २०. महिन्याला २४ दिवस धरले तर सुमारे २,४०० रुपये वाचतात. मात्र महिन्याला ४५-४६ युनिट वाढतील. घरचा वापर आधीच ८०-९० असेल तर १०० च्या वरच्या युनिटांना महावितरणचा पुढचा, बराच महाग दर लागतो. तो तुमच्या बिलावर बघून हिशोब करा. छतावर सौर पॅनल बसवणार असाल तर पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार आणि २ किलोवॅटला ६० हजार अनुदान आहे. १ किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो. पण ग्रीडला जोडलेलं सौर लाईन गेली की बंद होतं, लोडशेडिंगमध्ये ते चार्जिंग देणार नाही.

ताशी २५ च्या वेगाच्या, लायसन्स-पासिंग न लागणाऱ्या गाड्या तुमच्या कामाच्या नाहीत, दोन तास रस्त्यातच जातील. बाकी सगळ्यांना हिरव्या पाटीवर पांढरे अंक, लायसन्स आणि हेल्मेट लागतंच.

राहिलं सर्व्हिस सेंटर. यवतमाळला एकच चक्कर मारा आणि शोरूमच्या काचेमागच्या माणसाला नाही, मागच्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकला विचारा: कंट्रोलर आणि चार्जर स्टॉकमध्ये असतो का, की मागवावा लागतो? किती दिवस लागतात? बंद पडलेल्या किती गाड्या आत्ता भागाविना उभ्या आहेत? उभ्या गाड्या तुम्हाला डोळ्यांनीच दिसतील. रस्त्यात बंद पडली तर उचलून नेण्याची सोय शोरूमपासून किती किलोमीटरपर्यंत फुकट, आणि तुमचं गाव त्यात येतं का, हे लेखी घ्या. बॅटरीची हमी किती वर्षं यापेक्षा किती टक्के क्षमतेच्या खाली गेल्यावर बदलून देतात, ते वाचा. चाचणीची फेरी शहरातल्या डांबरावर घेऊन काही कळत नाही. गाडी एक दिवस गावी आणू द्या म्हणा. मागे घरचं कोणी बसवून पांदणीतून न्या, आणि संध्याकाळी तुमच्याच सॉकेटवर चार्जर लावून हिरवा दिवा येतो का ते बघा. याला तयार नसतील तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.